'त्यानंतर' की 'त्यामुळे'? एका जोडशब्दाने पोस्टचा अर्थ कसा बदलतो?

'शहरात नवे आयुक्त आले. चोऱ्या वाढल्या.'

ही दोन साधी वाक्यं. आता त्यांच्यामध्ये एकेक शब्द टाकून पाहा.

'त्यानंतर चोऱ्या वाढल्या' ही फक्त घटनाक्रमाची नोंद झाली. 'त्यामुळे चोऱ्या वाढल्या' हा थेट आरोप झाला. 'तरीही चोऱ्या वाढल्या' म्हटलं की आयुक्तांकडून अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही, असा अर्थ निघतो. माहिती तीच, पण वाचणाऱ्याचं मत तीन वेगळ्या दिशांना जातं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अनेक दिशाभूल करणाऱ्या मेसेजमध्ये दोन्ही घटना खऱ्या असतात. खोटा असतो तो मधला 'त्यामुळे'.

व्याकरण काय सांगतं?

दोन शब्द किंवा दोन वाक्यं जोडणाऱ्या अविकारी शब्दाला मराठीत 'उभयान्वयी अव्यय' म्हणतात. याचे दोन मुख्य प्रकार आहेत: प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ही नावं पाठ असतात. 'त्यामुळे', 'त्यानंतर' हे शब्द मात्र सर्वनामाला 'मुळे', 'नंतर' ही शब्दयोगी अव्ययं लागून तयार झाले आहेत. म्हणून ते वापरताना 'त्या' म्हणजे नेमकं काय, हे आधीच्या वाक्यातून कळायला हवं.

कुठला शब्द कधी?

• भर घालायची असेल तर: आणि, व, शिवाय, तसंच
• विरोध दाखवायचा असेल तर: पण, परंतु, मात्र, तरीही
• परिणाम सांगायचा असेल तर: म्हणून, त्यामुळे. सरकारी पत्रांत 'सबब'
• कारण सांगायचं असेल तर: कारण
• पर्याय द्यायचा असेल तर: किंवा, अथवा, की
• अट घालायची असेल तर: जर-तर

नेहमी गल्लत कुठे होते?

तर आणि तरी: 'ताप उतरला तर गोळ्या बंद करा' आणि 'ताप उतरला तरी गोळ्या बंद करू नका' या दोन उलट सूचना आहेत. 'जर' आणि 'जरी' गाळले तरी चालतात. 'तर' आणि 'तरी' गाळता येत नाहीत, कारण सगळा अर्थ त्यांच्यावरच उभा असतो.

आणि, किंवा: 'आधार कार्ड आणि रेशन कार्ड आणा' म्हणजे दोन्ही हवीत. 'किंवा' असेल तर एक पुरेसं. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकताना हा शब्द चुकला, तर लोकांची फेरी फुकट जाते.

किंवा, की: 'चहा किंवा कॉफी चालेल' म्हणजे काहीही द्या. 'चहा की कॉफी?' म्हणजे एक निवडा. हा 'की' नेहमी दीर्घ लिहायचा. 'आणि' व 'नि' मात्र ऱ्हस्व.

पण, मात्र: 'आई आली, पण बाबा आले नाहीत.' 'आई आली, बाबा मात्र आले नाहीत.' 'मात्र' ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्यानंतर शोभतो. हल्ली बातम्यांमध्ये तो वाक्याच्या सुरुवातीलाही सर्रास येतो. 'पण मात्र' असं एकत्र लिहायची गरज नसते.

दरम्यान: याचा अर्थ 'त्या मधल्या काळात'. दोन घटना एकाच काळातल्या नसतील, तर हा शब्द चुकीचा ठरतो. बातमीत विषय बदलायचा म्हणून तो हमखास वापरला जातो.

पोस्ट करण्याआधी काय तपासायचं?

जोडशब्द काढून दोन्ही वाक्यं वाचा. मग विचारा: पहिल्या गोष्टीमुळेच दुसरी घडली, याचा पुरावा आहे का? असेल तर 'त्यामुळे' लिहा. फक्त क्रम माहीत असेल तर 'त्यानंतर' लिहा. संबंधच नसेल तर पूर्णविराम द्या आणि दोन वाक्यं वेगळी ठेवा.

फॉरवर्ड आलेला मेसेज वाचतानाही हेच करता येतं. 'त्यामुळे', 'म्हणूनच' हे शब्द दिसले की तिथे थांबायचं.