खबऱ्याचे दप्तर आणि चळवळीचा इतिहास : विल्यम ओनील प्रकरणाच्या निमित्ताने

प्रस्तावना

चित्रपटाला इतिहासाचे साधन मानावे किंवा नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शाका किंग दिग्दर्शित 'ज्यूडास अँड द ब्लॅक मसायाह' (२०२१) हा चरित्रपट मात्र हा प्रश्न वेगळ्या दिशेने विचारावयास लावतो. ब्लॅक पँथर पक्षाच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष फ्रेड हॅम्प्टन आणि त्याच्या निकट वावरणारा एफबीआयचा खबऱ्या विल्यम ओनील यांची ही कथा आहे. एखाद्या मुक्तिचळवळीचा इतिहास तिच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्याच दप्तरातून लिहावा लागतो, तेव्हा त्या दप्तराचे वाचन कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव याच अमेरिकन संघटनेवरून घेतले. त्यामुळे मराठी अभ्यासकास हा विषय सर्वस्वी परका नाही.

यंत्रणा आणि माणूस

एफबीआयने १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध 'कॉइन्टेलप्रो' ही गुप्त मोहीम सुरू केली व ऑगस्ट १९६७ मध्ये ती कृष्णवर्णीय संघटनांपर्यंत वाढविली. मार्च १९६८ च्या एका टिपणात, कृष्णवर्णीय जनतेला एकत्र आणू शकेल अशा 'मसीहा'चा उदय रोखणे हे उद्दिष्ट स्पष्टपणे नोंदविले आहे. चित्रपटाच्या शीर्षकातील शब्द तेथून आला आहे. अर्थात हॅम्प्टनला मसीहा ठरविणारी भाषा मुळात अनुयायांची नसून पोलिसी कचेरीची आहे, हे विसरता येत नाही.

हॅम्प्टनचा जन्म १९४८ चा. शिकागोलगतच्या मेवुड येथे एनएएसीपी या संस्थेच्या युवक शाखेत त्याची जडणघडण झाली. शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी, दवाखाना, राजकीय शिक्षणाचे वर्ग ही त्याच्या शाखेची कामे होती. १९६९ मध्ये त्याने प्वेर्तो रिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' आणि दक्षिणेकडून आलेल्या गरीब गोऱ्यांची 'यंग पेट्रिअट्स' या संघटनांना एकत्र आणून 'रेनबो कोअॅलिशन' उभी केली. सत्तेला खरी धास्ती वाटली असेल तर ती या जुळणीची, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जानेवारी १९६९ मध्ये एफबीआयने ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीच्या जेफ फोर्ट या म्होरक्यास निनावी पत्र पाठविले. पँथर तुझ्या जिवावर उठले आहेत, असा त्याचा आशय होता. दोन गटांत रक्तपात घडावा, हा त्यामागील हेतू दप्तरातच नमूद आहे.

ओनील हा याच यंत्रणेचा एक भाग. मोटारचोरीच्या प्रकरणात सापडलेल्या या किशोरवयीन तरुणाला रॉय मिचेल या एफबीआय अधिकाऱ्याने हाताशी धरले. पुढे तो शाखेच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख झाला. पश्चिम मन्रो मार्गावरील २३३७ क्रमांकाच्या घरातील हॅम्प्टनच्या सदनिकेचा आराखडा त्याने पुरविला, आणि झोपण्याची खोली कोणती हेही त्यात दाखविले. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास, कुक परगण्याचे सरकारी वकील एडवर्ड हॅनराहन यांच्या कार्यालयाशी संलग्न चौदा पोलीस तेथे शिरले. त्यांनी नव्वदच्या आसपास गोळ्या झाडल्या. पँथरांकडून झाडली गेलेली गोळी एकच, असे पुढील तपासणीत आढळले. एकवीस वर्षांचा हॅम्प्टन व बावीस वर्षांचा मार्क क्लार्क ठार झाले. हॅम्प्टनच्या शेजारी त्याची गर्भवती सहचारिणी होती. या कामगिरीबद्दल ओनीलला ३०० डॉलरचे बक्षीस मिळाले.

पुराव्याचा प्रश्न

पोलिसांनी ती सदनिका मोहोरबंद केली नाही. परिणामी शिकागोचे हजारो नागरिक रांग लावून आत गेले व भिंतींवरील छिद्रे त्यांनी स्वतः पाहिली. हॅनराहन यांच्या कार्यालयाने 'शिकागो ट्रिब्यून'ला दिलेल्या छायाचित्रांत 'पँथरांच्या गोळ्यांच्या खुणा' म्हणून जे दाखविले होते, ती खिळ्यांची डोकी निघाली! सामान्य माणसांच्या डोळ्यांनी कागदाला खोटे पाडल्याचा असा प्रसंग इतिहासात विरळाच.

मृतांच्या कुटुंबीयांनी व बचावलेल्यांनी दाखल केलेला दिवाणी दावा दीर्घकाळ चालला. एफबीआयने त्यात हजारो पाने दडवून ठेवली होती. १९७९ मध्ये अपील न्यायालयाने वादींच्या बाजूने निर्णय देऊन खटला पुन्हा उभा केला आणि अखेर १९८२ मध्ये १८.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम केंद्र सरकार, कुक परगणा व शिकागो शहर यांनी मिळून द्यावयाची होती. गुन्हेगारी शिक्षा मात्र कोणालाही झाली नाही.

आता चित्रपटाकडे वळू. ओनीलने हॅम्प्टनच्या पेयात गुंगीचे औषध मिसळले असे त्यात दाखविले आहे. कुटुंबीयांच्या वतीने झालेल्या तपासणीत औषधाचा अंश आढळला होता. एफबीआयच्या तपासणीत आढळला नाही. आणि ओनीलने हा आरोप नाकारला होता. वादग्रस्त बाब चित्रपटाने निःसंदिग्ध करून टाकली. याहून मोठा आक्षेप वयाचा आहे. डॅनिएल कालूया व लकीथ स्टॅनफिल्ड या दोघांचा अभिनय उत्तमच आहे (पहिल्याला ऑस्करही मिळाले), परंतु पडद्यावर दिसतात ते तिशीच्या आसपासचे पुरुष. प्रत्यक्षात हॅम्प्टन एकवीस वर्षांचा, तर ओनील वीस वर्षांचा होता. आपल्या पदवी वर्गातील मुले याच वयाची असतात. वय वाढविले की फितुरी हा प्रौढ माणसाचा निर्णय ठरतो आणि कोवळ्या मुलाला तुरुंगाची भीती घालून कामाला लावणारा अधिकारी मागे सरकतो. मराठी मनाला ही प्रक्रिया ओळखीची आहे. सूर्याजी पिसाळ हे नाव फितुरीला पर्याय म्हणून रूढ झाले, पण फितुरी विकत घेणाऱ्याचे नाव क्वचितच कोणास आठवते.

याचा अर्थ ओनीलला दोषमुक्त करावे असा नव्हे. १९७३ मध्ये त्याचे खरे रूप उघड झाले व त्यानंतर तो नाव बदलून राहिला. १९८९ मध्ये 'आइज ऑन द प्राइझ' या माहितीपट मालिकेच्या दुसऱ्या पर्वासाठी त्याने मुलाखत दिली. तीत मिचेलविषयी तो जवळजवळ वडीलधाऱ्याच्या आदराने बोलतो. आपण चळवळीत होतो, काठावर बसून राहिलो नाही, असाही त्याचा दावा आहे. अभ्यासकाने ही मुलाखत कबुलीजबाब म्हणून वाचावी की बचाव म्हणून? दोन्ही वाचने एकाच वेळी करावी लागतात, कारण बोलणारा माणूस अनेक वर्षे खोटे बोलण्याचेच वेतन घेत होता. आपल्या कृत्यांविषयी इतिहासच बोलेल, असे तो मुलाखतीत म्हणाला. १५ जानेवारी १९९० रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाच्या सुट्टीच्या दिवशी, शिकागोतील एका द्रुतगती महामार्गावर मोटारीखाली येऊन त्याचा मृत्यू झाला. त्याची नोंद आत्महत्या अशी करण्यात आली. त्याची मुलाखत असलेला भाग तोवर प्रसारित झालेला नव्हता.