'फार्मर' नावाचा चाकू आणि ईबाखचा ओढा

आजची नोंद पिकाची नाही, खिशातल्या अवजाराची.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा घडीचा चाकू बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लाल मूठ, त्यावर पांढरा क्रॉस. याच कंपनीच्या एका चाकूचं नाव आहे 'फार्मर', म्हणजे सरळ 'शेतकरी'. त्याची मूठ प्लास्टिकची नाही, ॲल्युमिनियमची आहे. वर बारीक खरखरीत नक्षी असते, त्यामुळे ओल्या हातातूनही तो सहज निसटत नाही. या मुठीला ॲलॉक्स म्हणतात. मिटलेला चाकू ९३ मिलिमीटरचा. आत एक पातं, लाकडाची करवत, टोच्या, डबा उघडणी आणि बाटली उघडणी. दोन्ही उघडण्यांच्या टोकाला पेचकस.

कंपनी दरवर्षी ॲलॉक्स मुठीची काही मॉडेलं एका नव्या रंगात काढते. पाठीवर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. वर्ष सरलं की तो रंग बंद. या मर्यादित आवृत्त्या जमवणारी हौशी मंडळी जगभर आहेत, आणि त्यांचे वाद आपल्याकडच्या बैलबाजारासारखे रंगतात. रंग ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या थरात मुरवलेला असतो हे खरं, पण किल्ल्यांबरोबर खिशात ठेवला तर कडा पांढऱ्या पडणारच. मग वापरायचा की कपाटात ठेवायचा? 'फार्मर एक्स'मध्ये कात्री जास्तीची मिळते, पण चाकू जाड होतो. मग कात्री हवी की पातळ चाकू बरा? एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत असतं, ती म्हणजे पातं मिटताना होणारा खट्ट आवाज. तो नीट आला की पोलादी पट्टीचा ताण बरोबर आहे असं समजायचं.

ती पट्टी म्हणजे आतली स्प्रिंग. या चाकवाचा सगळा इतिहास त्या पट्टीभोवतीच फिरतो.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं स्वित्झर्लंड आजच्यासारखं श्रीमंत नव्हतं. मधल्या डोंगराळ भागातला श्वीत्स जिल्हा तर गरीबच. थोडी जमीन, चार गाई, कारखाने नाहीत. घरातली पोरं कामासाठी बाहेर पडायची, कित्येक जण थेट अमेरिकेला जायचे. कार्ल एल्सनर हा १८६०चा जन्म. चाकू-कात्र्या करायचं काम तो शिकला आणि फिरता कारागीर म्हणून पॅरिसला आणि जर्मनीतल्या टुटलिंगनला राहिला. १८८४मध्ये त्याने श्वीत्सजवळच्या ईबाख गावात टोबेलबाख नावाच्या ओढ्यावर आपलं दुकान थाटलं. धार लावायची आणि घासायची यंत्रं त्या ओढ्याच्या पाण्यावर चालायची. धंदा करायचाच, पण गावातल्या पोरांना गावात काम मिळावं हीही त्याची धडपड होती.

त्याच सुमारास स्विस सैन्याने नवी रायफल घेतली, १८८९च्या मॉडेलची. ती खोलायला पेचकस लागायचा. शिवाय शिधा डब्यातून येऊ लागला होता. म्हणून प्रत्येक सैनिकाला एक घडीचा चाकू द्यायचं ठरलं. लाकडी मूठ, एक पातं, टोच्या, डबा उघडणी, पेचकस. आता हे एवढे चाकू करणार कोण? स्वित्झर्लंडमध्ये तेवढी क्षमता असलेला कारखानाच नव्हता. पहिली १५,००० नगांची ऑर्डर जर्मनीतल्या झोलिंगनच्या एका कंपनीला गेली.

एल्सनरला हे पटलं नाही. आपल्या सैन्याचे चाकू आपल्या कारागिरांनी का करू नयेत? १८९१मध्ये त्याने पंचवीसेक कारागिरांना एकत्र करून संघ काढला आणि सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. आपल्या भाषेत सांगायचं तर उत्पादक गटच. पण झोलिंगनला मोठे कारखाने, तिथला चाकू स्वस्त पडायचा. त्या भावाला टिकणं हाताने काम करणाऱ्यांना जमेना. सोबतचे एकेक करून बाहेर पडले. एल्सनर एकटा चिकटून राहिला आणि त्यात त्याची जमापुंजी गेली. नातेवाइकांनी हात दिला म्हणून दिवाळं वाजलं नाही.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. सरकारी ऑर्डर मिळणं म्हणजे धंदा जमला असं आपल्याला वाटतं. एल्सनरकडे ऑर्डर होती, नाव होतं, माल चांगला होता. तरी तो बुडत होता, कारण गिऱ्हाईक मोठं, पण भाव दुसऱ्याच्या हातात.

त्यातून बाहेर पडायला त्याने बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. सैन्याच्या चाकवाशिवाय त्याने विद्यार्थ्यांसाठी वेगळा चाकू काढला, कॅडेटसाठी वेगळा आणि शेतकऱ्यासाठीही वेगळा. म्हणजे 'शेतकऱ्याचा चाकू' हे नाव आजच्या जाहिरातवाल्यांनी शोधलेलं नाही, त्याचं मूळ थेट एल्सनरपर्यंत जातं.

आणि मग ती पट्टी. सैनिकाचा चाकू मजबूत होता, पण जड. एल्सनरला हलका आणि जास्त कामाचा चाकू हवा होता. त्याने एकाच स्प्रिंगचा ताण दोन्ही बाजूंच्या अवजारांना पुरेल अशी रचना बसवली. सहा अवजारं आणि स्प्रिंगा फक्त दोन. त्यामुळे दुसरं लहान पातं आणि बूच काढायचा पेच, दोन्ही मावले आणि वजनही आटोक्यात राहिलं. १२ जून १८९७ रोजी या 'अधिकाऱ्याच्या चाकवाची' कायदेशीर नोंद झाली.

गंमत अशी की सैन्याने हा चाकू अधिकृतपणे घेतलाच नाही. अधिकारी स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचे. त्यांचं पाहून बाकीचे घेऊ लागले आणि घर सावरलं ते या चाकवाने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी तो ढिगाने घरी नेला. जर्मन नाव उच्चारायला अवघड, म्हणून तेच 'स्विस आर्मी नाइफ' म्हणू लागले.

कंपनीच्या नावालाही गोष्ट आहे. एल्सनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. १९०९मध्ये ती वारली, तेव्हा त्याने तिचं नाव कारखान्याला दिलं. १९२१मध्ये न गंजणारं पोलाद वापरात आलं. त्याला फ्रेंच भाषेत 'इनॉक्स' म्हणतात. दोन्ही जोडून झालं व्हिक्टोरिनॉक्स.

पोलादाचं निघालंच आहे तर अवजाराच्या जाणकारांसाठी एक नोंद. या चाकवाच्या सगळ्या भागांना सारखंच पाणी दिलेलं नसतं. रॉकवेल मापात पातं ५६, करवत आणि कात्री ५३, उघडण्या ५२ आणि स्प्रिंग ४९. स्प्रिंग पात्याएवढी कडक केली तर लवायच्या ऐवजी तुटेल. आणि ५६ हे पात्यासाठी फार कडक नाही. महागड्या चाकवांची धार याहून जास्त टिकते. पण हे पातं साध्या दगडावर चार हात मारले की पुन्हा लागतं. बांधावर बसून धार लावणाऱ्याला हेच सोयीचं. कलम बांधायचे आणि डोळे भरायचे घडीचे चाकूही हीच कंपनी करते.

शेवटची गोष्ट अलीकडची. सप्टेंबर २००१मध्ये अमेरिकेवर हल्ले झाले आणि विमानात चाकू न्यायला बंदी आली. विमानतळावरच्या दुकानांतली विक्री थांबली. चाकवांचा खप जवळपास तीस टक्क्यांनी पडला. तरी कंपनीने मंदीच्या नावाखाली माणसं काढली नाहीत. काही कामगार काही काळासाठी आसपासच्या दुसऱ्या कंपन्यांना कामाला दिले आणि नंतर परत घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी कुटुंबाने कंपनीची ९० टक्के मालकी एका प्रतिष्ठानाकडे सोपवली होती, म्हणजे वाटण्या होऊन कारखाना मोडायला नको. ओढ्याकाठी दुकान काढताना एल्सनरच्या मनात जे होतं, ते शंभर वर्षांनंतरही हिशोबात धरलं गेलं.

म्हणून यंदाचा रंग चांगला की गेल्या वर्षीचा, हा वाद हौशी मंडळींनी खुशाल घालावा. पाठीवर कोरलेल्या आकड्याला बाजारात किंमत येते, हेही खरं. पण त्या चाकवाची खरी कमाई आकड्यात नाही, गाव न सोडलेल्या माणसांत आहे.

कुणाकडे 'फार्मर' असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. याच्या पात्याला कुलूप नाही, ते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभं राहतं. भोसकल्यासारखा जोर लावला तर बोटांवर मिटेल. आणि करवतीने ओली फांदी कापली की चीक तसाच ठेवू नका. कोमट पाण्यात उघड-मीट करून धुवा, कोरडा करा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. मग ऐका, खट्ट आवाज येतो का.