भाजीपाला तिपटीहून जास्त वाढला, पण ताटात नेमकं काय वाढलं?

दरवर्षी भाजीपाला उत्पादनाचे सरकारी अंदाज येतात. 'विक्रमी उत्पादन' अशी बातमी मोबाईलवर फिरते. आठवडे बाजारात मेथीची जुडी हातात घेतलेलं गिऱ्हाईक विचारतं, एवढं पिकलं तर हा भाव कसला? आणि कॅरेट परत घेऊन येणारा शेतकरी विचारतो, एवढा भाव आहे तर मला का मिळाला नाही? दोघांचंही बरोबर आहे. आकड्यात काय असतं आणि काय नसतं, ते समजलं तर हा घोळ थोडा सुटतो.

1991-92 साली देशात सुमारे 585 लाख टन भाजीपाला पिकला. 2001-02 मध्ये 886 लाख टन, 2010-11 मध्ये 1465 लाख टन आणि 2020-21 मध्ये 2000 लाख टनांचा टप्पा पार झाला. जगात चीननंतर आपला नंबर आहे. क्षेत्र याच काळात 56 लाख हेक्टरवरून 108 लाख हेक्टरवर गेलं. म्हणजे नुसती जमीन वाढली असं नाही, उताराही वाढला. एकरी सरासरी 42 क्विंटल होती ती 74 क्विंटलच्या आसपास गेली. यामागे 1988 च्या बियाणे धोरणानंतर आलेलं संकरित बियाणं आहे, ठिबक आहे, 2005-06 पासूनचं राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आहे. आणि भाजीला रोजचा पैसा येतो म्हणून कपाशी-ज्वारीतून दोन-चार गुंठे काढणारा छोटा शेतकरी तर आहेच.

आता हेच आकडे माणशी करून बघू. एकूण उत्पादनाला लोकसंख्येनं भागायचं, इतका सरळ हिशोब. 1991 च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण 84 कोटी 60 लाख होती. माणशी रोज 190 ग्रॅम भाजी येते. 2011 ला 121 कोटी लोक, माणशी 330 ग्रॅम. 2021 ची जनगणना झाली नाही, पण 138 कोटी धरले तर 400 ग्रॅमच्या जवळ जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या सल्ल्यात मोठ्या माणसाला रोज 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. कागदावर हिशोब जुळला!

पण हा शेतातला आकडा आहे, ताटातला नाही. आणि यात बटाटाही धरलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटना रोज 400 ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते तेव्हा बटाटा, रताळं त्यात मोजत नाही. जगाची अन्न आणि शेती संघटना देशोदेशीच्या अन्नपुरवठ्याचा ताळेबंद मांडते, तिथेही बटाटा भाजीत नाही, कंदात. आपल्याकडे मात्र तो भाजीत. 2020-21 मध्ये बटाटा सुमारे 562 लाख टन, कांदा 266 लाख टन आणि टोमॅटो 212 लाख टन होता. तिघं मिळून 1040 लाख टन, म्हणजे देशाच्या एकूण भाजीतला निम्मा भाग. बटाटा काढला की माणशी 400 चे 285 ग्रॅम होतात. कांदा-टोमॅटोही बाजूला ठेवले तर वांगी, भेंडी, कोबी, गवार, दोडका, पालेभाजी सगळं धरून 190 ग्रॅमच्या आसपास उरतं.

ही तीनच पिकं एवढी का वाढली? माझ्या मते, ज्याला साठवण किंवा लांबची बाजारपेठ मिळाली ते पीक वाढलं.

बटाट्याचं बघा. 1950-51 मध्ये देशात जेमतेम 16 लाख टन बटाटा होता. 1949 साली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली, पुढे ती शिमल्याला गेली. थंड डोंगराळ भागातलं बियाणं सपाटीवर आणलं की रोगानं बसायचं. मावा कमी असतो त्या दिवसांत सपाटीवरच निरोगी बेणं तयार करायची पद्धत या संस्थेनं बसवली, कुफरी नावाच्या जाती दिल्या, आणि उत्तर प्रदेश-बंगालात शीतगृहं उभी राहिली. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा नोव्हेंबरपर्यंत पुरतो. देशातल्या शीतगृहांची बरीचशी जागा आजही बटाट्यानंच भरते.

कांद्याला शीतगृह नाही, चाळ आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या केंद्रातून निघालेली एन-53 ही जात खरिपात देशभर गेली. तरी देशातला साधारण 70 टक्के कांदा रब्बीचा, म्हणजे आपला उन्हाळी. मार्च ते मे काढायचा आणि दिवाळीपर्यंत चाळीवर चालवायचा. खरिपाचा लाल कांदा पावसानं लांबला की सप्टेंबर-ऑक्टोबरला ओढ बसते, भाव चढतो, आणि सरकार जागं होतं. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली. मे 2024 मध्ये ती उघडली, पण शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. शहराचा पुरवठा यानं सांभाळला गेला असेल, भुर्दंड मात्र चाळीवाल्याला बसला.

टोमॅटोला तर चाळही नाही. जुलै 2023 ला काही शहरांत किलोला 200 रुपयांवर गेला. भाव बघून लागवडी झाल्या आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतला गेला.

पिकलेलं सगळं पोचतही नाही. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या 2015 च्या पाहणीत काढणी ते विक्रीपर्यंतचं नुकसान टोमॅटोत साडेबारा टक्क्यांच्या जवळ, फ्लॉवरमध्ये साडेनऊ, कांद्यात आठ, बटाट्यात सात टक्के निघालं. पैशाचं गणित वेगळंच. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2024 मध्ये काढलेल्या अभ्यासात गिऱ्हाइकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत 33, कांद्यात 36 आणि बटाट्यात 37 पैसे मिळतात असं आलं. बाकीचे तोलाई, हमाली, भाडं, आडत, नासाडी आणि मधल्या हातांत.

आता उलट बाजू. जे आकड्यात नीट येतच नाही ते म्हणजे परसातला शेवगा, बांधावरचा हादगा, पावसाळ्यातला टाकळा, कुर्डू, तांदुळजा, घोळ, पाथरी. हे ना लिलावात येतं ना अंदाजाच्या तक्त्यात. लोह आणि अ जीवनसत्त्व मात्र याच पाल्यात. सोयाबीन-कपाशीत तणनाशक सुरू झालं तसं निंदणीसोबत घरी येणारी भाजी कमी झाली, हे कुठल्याही निंदणीवाल्या बाईला विचारा. ती भाजी गेल्याची नोंद कुठंच झाली नाही, कारण ती होती याचीही नव्हती. त्यामुळे खेड्यातल्या बऱ्याच घरांत आज भाजी म्हणजे बाजारच्या दिवसाची दोन दिवस पुरणारी पिशवी आणि बाकी आठवडाभर बटाट्याचा रस्सा. देशाच्या आकड्यात हे घर माणशी 400 ग्रॅमच खातं.

कृषी विभाग अलीकडे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, बऱ्याच तालुक्यांत भरतो. पाड्या-वस्तीवरच्या बाया टाकळा, करटुली घेऊन बसतात. जाताना सुटे पैसे न्या, तिथं बरीचशी भाजी किलोवर नाही, वाट्यावर मिळते.