बेपत्ता सैनिकांची हजेरी

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा कापसाच्या निमित्ताने येते. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, मुंबईच्या बाजारात भाव भडकले आणि युद्ध संपताच कोसळले. त्या भावांच्या नोंदी व्यापाऱ्यांनी चोख ठेवल्या. पण ज्या युद्धामुळे हे घडले त्यात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी कोणी ठेवल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका माजी शिक्षिकेची गाठ पडते. तिचे नाव क्लारा बार्टन.

क्लाराचा जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधला. अकरा वर्षांची असताना तिचा भाऊ उंचावरून पडला. तिने सुमारे दोन वर्षे त्याची शुश्रूषा केली. तिचे परिचारिकेचे शिक्षण म्हणायचे तर एवढेच. पुढे ती शिक्षिका झाली. १८५२ मध्ये न्यू जर्सीतील बॉर्डनटाउन येथे तिने मोफत शाळा काढली. सुरुवातीला मुले सहा. थोड्याच काळात ती ६०० च्या घरात गेली. शाळा एवढी मोठी झाल्यावर गावकऱ्यांनी मुख्याध्यापक म्हणून एका पुरुषाला नेमले, तेही जास्त पगारावर. बार्टनबाई राजीनामा देऊन वॉशिंग्टनला गेल्या आणि पेटंट कचेरीत कारकून झाल्या.

एप्रिल १८६१ मध्ये बाल्टिमोर शहरात जमावाचा मार खाल्लेली मॅसॅच्युसेट्सची पलटण वॉशिंग्टनला पोचली. त्यात बाईंच्या ओळखीची, त्यांनी शिकवलेली मुले होती. बाईंनी घरातले कपडे, चादरी, अन्न त्यांच्यापर्यंत नेले. तेथून हे काम वाढत गेले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांना प्रत्यक्ष रणभूमीवर जाण्याची परवानगी मिळाली.

रणभूमीवर नेमके काय करायचे होते? त्या काळची स्थिती आधी पाहू. सैनिकांना लागणारी गोळी मऊ शिशाची, शंकूच्या आकाराची होती. ती हाडावर आदळली की पसरे आणि हाडाचा चुरा करी. मग हात किंवा पाय कापण्यावाचून इलाज नसे. भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म व ईथर होते, पण जखमेत पू का होतो हे ठाऊक नव्हते. एकच चाकू एका रुग्णावरून दुसऱ्यावर चाले. जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचा लिस्टरचा लेख १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. मेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सैनिक गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर अशा रोगांनी गेले.

अशा वेळी परिचारिकेच्या हाती औषध फारसे नव्हते. पाणी, अन्न, स्वच्छ कापड आणि उजेड एवढेच तिला देता येत होते. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटम येथे एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. बार्टनबाई सामानाची गाडी घेऊन पोचल्या तेव्हा डॉक्टर मक्याच्या पानांनी जखमा बांधत होते. बाईंच्या गाडीत पट्ट्या होत्या आणि रात्रीसाठी कंदीलही होते. त्याच दिवशी एका जखमीला त्या पाणी पाजत असताना एक गोळी त्यांच्या बाहीला भोक पाडून गेली आणि तो सैनिक तेथेच मेला.

पुढे त्यांना ‘रणांगणावरील देवदूत’ म्हणू लागले. पुस्तकांत बहुधा येथेच गोष्ट संपते. माझ्या मते खरी गोष्ट येथून सुरू होते.

त्या काळी सैनिकाच्या गळ्यात ओळखबिल्ला नसे. अमेरिकन सैन्यात तो १९०६ मध्ये आला. मेलेल्याच्या घरी कळवण्याची पक्की सरकारी व्यवस्थाही नव्हती. काही सैनिक लढाईपूर्वी नावाची चिठ्ठी कपड्याला टाचून ठेवत. त्यामुळे युद्ध संपले तरी हजारो घरांत एकच प्रश्न होता: आमचा माणूस आहे की गेला?

१८६५ मध्ये लिंकन यांच्या संमतीने बार्टनबाईंनी वॉशिंग्टनमधील आपल्या भाड्याच्या खोल्यांत बेपत्ता सैनिकांची कचेरी थाटली. पद्धत शिक्षिकेला शोभेल अशीच होती. घरच्यांकडून आलेली नावे राज्यवार लावायची, यादी छापायची, ती वर्तमानपत्रांत आणि टपाल कचेऱ्यांत पाठवायची आणि ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते कळवायचे. ही एक प्रकारची हजेरीच होती. फक्त ‘हजर’ म्हणणारा दुसराच कोणीतरी असे. क्वचित तो स्वतःही असे! एका सैनिकाने तर, माझे नाव यादीत छापलेच कसे, असे रागावून विचारले. तो जिवंत होता, पण घरी कळवले नव्हते. १८६८ पर्यंत ६३,१८२ पत्रे आली आणि २२,००० हून अधिक जणांचा पत्ता लागला. त्यांतले बहुतेक मेलेले होते.

या कामातला सर्वांत मोठा दुवा एका तरुण कैद्याने दिला. जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत सुमारे १३,००० कैदी मेले, बहुतेक रोगाने आणि उपासमारीने. डॉरेन्स ॲटवॉटर या कैद्याला मृतांची नोंदवही लिहिण्याचे काम दिले होते. त्याने तिची दुसरी प्रत गुपचूप लिहिली आणि कोटाच्या अस्तरात लपवून बाहेर आणली. बाईंच्या याद्या पाहून त्याने त्यांना पत्र लिहिले. १८६५ च्या उन्हाळ्यात दोघेही एका सरकारी तुकडीबरोबर तेथे गेले. थडग्यांवरचे क्रमांक वहीतल्या क्रमांकांशी जुळवून त्यांवर नावांच्या पाट्या लावण्यात आल्या. फक्त ४६० थडगी अनोळखी राहिली.

वर्गात हे गणित जरूर मांडा. ४६० म्हणजे १३,००० चे सुमारे साडेतीन टक्के. याउलट युद्धानंतर देशभरातून राष्ट्रीय दफनभूमींत हलवलेल्या सुमारे तीन लाख सैनिकांपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक जणांची ओळख पटली. एवढा फरक कशाने पडला, हे विद्यार्थ्यांना विचारा. थोडा विचार केल्यावर कोणीतरी नक्की म्हणेल: त्या वहीमुळे.