एका चट्ट्याचा इतिहास

अंगावर कोठें तरी एक फिकट वा तांबूस चट्टा उमटतो. तो खाजत नाहीं, दुखत नाहीं. कित्येक महिने तसाच राहतो, मग वर्षानुवर्षें किंचित् किंचित् पसरतो. तेथील स्पर्श हरपला आहे हें पुष्कळदां चुलीचा चटका बसूनहि न कळल्यामुळेंच उमगतें. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशांत असा चट्टा आजहि आढळतो. कुष्ठाचा आरंभ इतका सौम्य असतां त्याची एवढी दहशत कां बसावी, याचा विचार इतिहासाच्या आधारें करणें आम्हांस अवश्य वाटतें.

रोगाची मंदगति हें पहिलें कारण होय. नॉर्वेमधील बर्गेन येथें हॅन्सेन यानें १८७३ सालीं कुष्ठाचा जंतु शोधून काढला. हा जंतु दुप्पट होण्यास सुमारें दोन आठवडे घेतो. संसर्ग आणि पहिलें चिन्ह यांत सरासरी पांच वर्षें, क्वचित् वीसहि वर्षें लोटतात. कारण आणि कार्य यांमध्यें एवढें अंतर पडलें म्हणजे लोक तें कल्पनेनें भरून काढतात. त्या पोकळींत पूर्वजन्मींचें पाप येऊन बसलें.

दुसरें कारण कायद्याचें. १८९८ च्या कायद्यानें व्रण झालेल्या निष्कांचन रोग्यास धरून कुष्ठालयांत ठेवण्याची सोय केली. म्हणजे कायद्यास चट्टा दिसत नव्हता. व्रण दिसे, आणि तोहि गरिबाचा. सुखवस्तु घरांतला चट्टा बाहीखालीं आणि पदराखालीं झांकून राहिला.

विदर्भांत मात्र या परंपरेस धक्का देणारीं माणसें निघालीं. १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठसेवा आरंभिली. सेवाग्रामांत परचुरेशास्त्र्यांच्या रुग्ण देहाची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत. वरोऱ्याचे बाबा आमटे यांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. रस्त्याच्या कडेस पडलेल्या तुळशीराम नांवाच्या रोग्यास पाहून ते प्रथम भिऊन पळाले. मग त्या भयाचीच लाज वाटून परतले. १९४९ सालीं महारोगी सेवा समिति आणि १९५१ सालीं आनंदवन उभें राहिलें. गडचिरोली तेव्हां चांदा जिल्ह्यांतच मोडत असे. ती १९८२ सालीं वेगळी झाली. आनंदवनाचें मर्म केवळ करुणेंत नाहीं. रोग्याच्या हातास काम मिळालें, उजळ माथ्यानें राहण्यास जागा मिळाली. तेव्हां दडून बसण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं.

१९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांचा संयुक्त उपचार सुचविला. आज सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळतें. २००५ च्या अखेरीस देशांतील प्रमाण दहा हजारांस एकाहून खालीं आलें. कायदा मात्र रोगाहूनहि मंद निघाला: १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि कुष्ठ हें घटस्फोटाचें कारण म्हणून २०१९ पर्यंत ग्राह्य होतें. लग्नाच्या मुलीच्या दंडावरील चट्टा आईनें झांकला, तर तिला केवळ अडाणी म्हणून आम्हीं कसें हिणवावें?

तरीहि झांकण्याची किंमत ठरलेली आहे. औषधानें जंतु मरतो. पण मज्जातंतूंची जी हानि विलंबानें पक्की झाली, ती बहुधा भरून निघत नाहीं. लाजेनें घालविलेल्या वर्षांचा हिशेब अखेर बोटांनींच चुकवावा लागतो.