'बनारस' : एका नावाचा न्याय

२४ मे १९५६ रोजी बनारसचे सरकारी नाव वाराणसी झाले. इंग्रजांनी बिघडविलेले नाव जाऊन मूळचे संस्कृत नाव परत आले, अशी या बदलाविषयीची सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. रोमन लिपीतील 'बेनारेस' हे लेखन इंग्रजी अमदानीत रूढ झाले हे खरे. परंतु 'बनारस' हे नावच इंग्रजांच्या माथी मारणे हा इतिहासाचा विपर्यास होय.

वरणा आणि असी या प्रवाहांवरून केलेली व्युत्पत्ती सर्वश्रुत आहे. तिच्याविषयीचा वाद येथे अप्रस्तुत. महत्त्वाचे आहे ते वर्णांचे स्थलांतर. सातव्या शतकात येथे आलेल्या ह्युएनत्संगाने हे नाव चिनी अक्षरांत उतरविले. युरोपीय पंडितांनी ते 'पो-लो-नि-स्से' असे वाचले. 'र'च्या जागी 'ल' आला आहे खरा, पण क्रम संस्कृतातलाच : आधी 'र', मग 'ण'. पालीतील 'बाराणसी'तही तोच. पुढे लोकांच्या तोंडी या दोन वर्णांनी जागा बदलल्या. मराठी माणसास यात नवल वाटू नये. 'नुकसान'चे 'नुसकान' त्याच्याच जिभेवर होते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने तर आपल्या प्राकृत व्याकरणात या व्यत्ययासाठी स्वतंत्र सूत्र रचले, आणि 'करेणू'च्या जोडीस उदाहरण घेतले ते 'वाराणसी'चेच. त्याने दिलेल्या 'वाणारसी'पासून 'बनारस' कितीसे दूर? इंग्रज तेव्हा या देशात आलेलेही नव्हते.

१५८३ मध्ये लंडनहून निघालेल्या राल्फ फिचने 'बन्नारस' लिहिले. म्हणजे कानी पडले ते बहुतांशी तसेच टिपले. पहिल्या व शेवटच्या ऱ्हस्व अकारांसाठी 'ई' हे रोमन अक्षर योजण्याची रीत नंतर स्थिरावली. साहेबाची करामत काय ती एवढीच! हिंदू विश्वविद्यालयाच्या १९१५ च्या कायद्यातील 'बेनारेस' पुढे 'बनारस' झाले, 'वाराणसी' नव्हे. आणि २०२१ मध्ये मंडुवाडीह स्थानकास 'बनारस' हेच नाव देण्यात आले.

मराठीने ही नावे कधी एकमेकांत मिसळली नाहीत. एकनाथांनी १५७३ मध्ये भागवताची टीका पूर्ण केली ती वाराणसीत. यात्रेकरू जातो काशीला. शालू मात्र बनारसी. म्हणूनच हिंदी कथेतील एक्केवाल्याच्या तोंडचे 'बनारस' पुसून तेथे 'वाराणसी' घालणारा अनुवादक भाषाशुद्धी साधत नाही, तर त्या माणसाची बोली हिरावून घेतो.