दोन बटणं एकदम दाबायची

रत्नागिरी जिल्ह्याला एकेकाळी मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणत. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा गिरणगावातला चाकरमानी असे. पण किनाऱ्यावरच्या मुसलमान मोहल्ल्यांतही तीच मनीऑर्डर येत होती. कधी मुंबईच्या गोदीतून, कधी आगबोटीवर कामाला लागलेल्या माणसाकडून. तिच्या फॉर्मला खाली निरोपासाठी थोडी जागा असायची. दोन-चार ओळी मावतील इतकी. घरात कुणाला वाचता येत नसलं तर पोस्टमनच पैसे मोजून द्यायचा आणि निरोपही वाचून दाखवायचा. म्हणजे नवऱ्याचं बोलणं बायकोला कळायचं ते सरकारी नोकराच्या तोंडून, दारात उभं राहून, शेजाऱ्यांच्या देखत.

कोकणातल्या स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आगबोटींवर, गिरण्यांवर, पुढे आखाती पैशावर. पण गेलेला माणूस आणि मागे राहिलेली बाई एकमेकांशी बोलत कसे होते, याचा इतिहास मात्र फारसा कुणी मांडत नाही. त्या इतिहासातला एक तुकडा टेपरेकॉर्डरचा आहे, आणि आज त्याच्याबद्दलच लिहायचंय. निमित्त असं की, ज्यांना यंत्रातलं काही कळत नाही ती माणसं एखादं साधं यंत्र इतक्या प्रेमाने का जवळ करतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. लोक म्हणतात, स्वस्त असतं म्हणून. किंवा सोपं असतं म्हणून. दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात.

आधी पत्रांकडे बघू. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट मला जास्त टोचते. आमच्या घरांतली बोली कोकणी. मराठीच्याच पोटातली, अरबी-फारसी शब्द पेरलेली, गावागणिक थोडी बदलणारी. पण पत्र लिहिलं जायचं ते बहुतेक उर्दूत, कारण लिहून देणारा उर्दू शाळेचा मास्तर किंवा मशिदीचा मौलवी. त्याच्याकडे पत्राचा ठरलेला साचा असे. सलाम, मग इथे सगळी खैरियत आहे, तुमची खैरियत खुदाकडे मागतो, मग "दीगर अहवाल". बाई ओट्यावर बसून आपल्या बोलीत सांगणार की पोराला तीन दिवस ताप होता, पावसात पडवीची कौलं उडाली, आणि तुम्ही मागच्या पत्रात माझं नावही घेतलं नाहीत. मास्तर त्यातलं तिसरं वाक्य गाळणार आणि पहिल्या दोहोंचं अदबशीर उर्दू करणार. त्याचा दोष नव्हता. पण पलीकडे पोचायचं ते मास्तरचं पत्र.

हे काही थोड्या बायकांचं दुःख नव्हतं. १९८१ च्या जनगणनेत देशातल्या सात वर्षांवरच्या स्त्रियांपैकी साक्षर जेमतेम ३० टक्के होत्या. आमच्याकडे आणखी एक गंमत होती. कुरआन शरीफ रोज वाचणाऱ्या पण दोन ओळींचं पत्र न लिहिता येणाऱ्या कितीतरी नान्या-दाद्या होत्या. अक्षरं ओळखीची, पण ती आपल्या बोलण्यासाठी वापरायची कुणी शिकवलेली नव्हती.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि पुढच्या काही वर्षांत आखाती देशांत बांधकामाची झुंबड उडाली. कोकणातली माणसं कुवेत, बहारीन, दुबई, सौदीला निघाली. पहिल्या सुट्टीत परत येताना त्यांच्या सामानात जे होतं त्याची यादी कुठल्याही मोहल्ल्यात अजून तोंडपाठ मिळेल: अत्तर, नायलॉनची कापडं, टँगचा डबा आणि टू-इन-वन. रेडिओ आणि कॅसेट एकाच डब्यात. नॅशनल पॅनासॉनिक, सान्यो, शार्प. तेव्हा आपल्याकडे परदेशी मालावर जबर जकात होती. मुंबईत मुसाफिरखान्यात अशा वस्तूंचा बाजार भरायचा तो उगीच नाही.

या डब्यात जाणारी कॅसेट हॉलंडच्या फिलिप्स कंपनीची. १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली गेली. त्याआधीचे टेपरेकॉर्डर मोठ्या उघड्या रिळांचे होते. फीत हाताने ओढून, खाचेतून घालून, रिकाम्या रिळाला गुंडाळावी लागे. ज्याला हौस आहे तोच ते करणार. लू ओटन्स नावाच्या इंजिनियरच्या गटाने ती दोन्ही रिळं एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद केली. ओटन्स यांनी म्हणे कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता आणि यंत्र त्या मापाचं व्हावं असं ठरवलं होतं. फिलिप्सने पुढे इतर कंपन्यांना ही कॅसेट फुकट बनवू दिली, अट एवढीच की मापात बदल करायचा नाही. म्हणून जपानी टू-इन-वनमध्ये भरलेली कॅसेट रत्नागिरीत दुसऱ्या कुठल्याही मशीनवर वाजायची. हा निर्णय मला त्या शोधाइतकाच मोठा वाटतो. शेजाऱ्याकडे मशीन असलं तरी आपलं काम भागत होतं.

तर ही वस्तू आणली होती गाणी ऐकायला. कव्वाली, रफीची गाणी, आणि इजिप्तच्या कारी अब्दुल बासित यांची किरात, जी तेव्हा घराघरांत पोचली. पण काही दिवसांतच कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या लाल खुणेच्या बटणाने आपला आवाजही भरता येतो. मग पत्रांऐवजी कॅसेटी जायला लागल्या. टपालाने कमी, सुट्टीवरून परत जाणाऱ्याच्या हातून जास्त. "अमक्याचा मुलगा शुक्रवारी निघतोय" असं कळलं की आदल्या रात्री घरोघर भरती सुरू.

मी हे लहानपणी पाहिलंय. मशीन मधल्या घरात चटईवर. पुढचं सगळं ठरलेलं: प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबायची, छोट्या खिडकीतून चाकं फिरताना दिसली की बोलायचं. आमच्या नानीला रेडिओची सुई स्टेशनवर नीट आणता येत नसे. टॉर्चचे सेलसुद्धा ती दुसऱ्याकडून घालून घेई. ही दोन बटणं मात्र ती कुणाला हात लावू देत नसे.

का? माझ्या मते तीन-चार गोष्टी एकत्र आल्या, आणि त्यातली एकही "तंत्रज्ञान" या शब्दात बसत नाही. यंत्र काय करतंय ते डोळ्यांना दिसत होतं; चाक फिरतंय म्हणजे आवाज जातोय. चुकलं तर काही बिघडत नव्हतं, मागे फिरवून पुन्हा बोलायचं. जिथे वीज नव्हती किंवा असून नसल्यासारखी होती तिथे ते मोठ्या सेलवर चालायचं. पण हे सगळं असूनही ते कपाटावरच राहिलं असतं. ते घरात रुजलं कारण बोलणं हे काम बाईला आधीपासून येत होतं. तिला नवं काही शिकायचं नव्हतं. उलट मधला मास्तर, मौलवी, पोस्टमन असे सगळे बाजूला सरकले.

याच्या उलट उदाहरणंही त्याच बॅगांतून आली होती. व्हॅक्युम क्लीनर घ्या. सारवलेल्या जमिनीच्या घरात तो कशाला? आमच्या नात्यातल्या एका घरात तो खोक्यासकट वर्षानुवर्षं माळ्यावर होता. पुढे व्हीसीआर आला. तो रोज चालायचा, पण ठरल्या वेळी आपोआप रेकॉर्ड करायची त्याची सोय वापरलेली मी एकाही घरात पाहिली नाही. त्याचं घड्याळ आयुष्यभर बारा वाजल्याचंच सांगत राहिलं. तेच व्हीसीआरवर सिनेमा लावायला घरातलं शेंबडं पोरही शिकलं. मिक्सरचंही तसंच. परदेशी मिक्सर आपल्या सुक्या मसाल्याने आणि खोबऱ्याच्या वाटणाने दम टाकायचे. मुंबईत १९६० च्या दशकात एस. पी. माथूर या इंजिनियरने आपल्याच मसाल्यांसाठी दणकट मोटरचा सुमीत मिक्सर काढला, तेव्हा कुठे पाटा-वरवंटा भिंतीला टेकला. जुनं काम तसंच ठेवून त्यातला त्रास काढून घेतो तो डबा चालतो. बाईने आधी नवं काम मनात आणावं, मग आपला उपयोग करावा, अशी वाट बघणारा डबा माळ्यावर जातो.

धर्माच्या अंगानेही एक नोंद करण्यासारखी आहे. नव्या यंत्रांवर उलेमांत मोठ्या चर्चा झाल्या. देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी नव्या उपकरणांच्या शरई हुकमांवर उर्दूत पुस्तकच लिहिलं. नमाजमध्ये लाऊडस्पीकर चालेल का, यंत्रातून ऐकलेल्या तिलावतीचा सजदा लागतो का, असे ते प्रश्न. फोटोबद्दल तर आजही वाद संपलेला नाही. टेपरेकॉर्डरवरून मात्र आमच्या मोहल्ल्यात कुणी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. ज्यातून एका तासाला किरात येते आणि दुसऱ्या तासाला कुवेतमधल्या मुलाचा सलाम, त्या डब्याशी भांडणार कोण?

कॅसेटीवर काय असायचं हे बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. सुरुवातीला सगळे पत्रासारखेच बोलायचे, तेच मास्तरचं उर्दू, घसा साफ करून. पाच मिनिटांत उर्दू संपायचं आणि कोकणी सुरू. मग मासळीचा भाव, कुणाचं लग्न ठरलं, सांदण केलं तेव्हा तुझी आठवण आली, विहिरीचं पाणी. मागे कोंबडा, कौलांवरचा पाऊस, मध्येच अजान. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, आणि ती भरायचीच, वाया घालवायची नाही. शेवटची दहा मिनिटं उरली तर मुलांना सूरा म्हणायला बसवायचे. तिकडे एका खोलीत आठ-दहा जण राहणारे. शुक्रवारच्या सुट्टीत एकाची कॅसेट सगळे ऐकत. म्हणजे पोस्टमन गेला तरी पूर्ण खाजगीपण आलंच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात यावर तोड काढली होती: पहिली बाजू घरच्यांची, दुसरी बाजू फक्त बायकोची, आणि त्या दुसऱ्या बाजूवर शाईने मोठी फुली. ती फुली पाहिली की खोलीतले बाकीचे उठून बाहेर जात.

मलबारातही याच काळात बायकांच्या मनातलं नवऱ्यापर्यंत कसं पोचावं हा प्रश्न होता. तिथे एस. ए. जमील यांचं दुबईच्या पत्राचं गाणं गाजलं, आखातातल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेलं पत्र आणि मग नवऱ्याचं उत्तर. त्यांनी पत्राचं गाणं केलं, आमच्याकडे पत्राची कॅसेट झाली. तिकडे इराणात निर्वासित खोमेनींची भाषणं अशाच कॅसेटींवरून गावोगाव पोचत होती. तिथेही ऐकणाऱ्यांत न वाचणारे पुष्कळ होते आणि यंत्राची हौस कुणालाच नव्हती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले आणि बोलक्या कॅसेटी हळूहळू थांबल्या. फोनवर लगेच उत्तर मिळायचं, पण समोर मीटर पळत असायचा. तीस मिनिटांची ऐसपैस बैठक तीन मिनिटांवर आली. मग मोबाइल. २००३ चा नोकिया ११०० इथे इतका का चालला हे मिरगाच्या पहिल्या वादळात लाइट गेल्यावर कळायचं. त्याच्या डोक्यावर टॉर्च होती. हे मॉडेल जगभर पंचवीस कोटींच्या आसपास खपलं असं सांगतात. आणि २०१३ मध्ये व्हॉट्सअॅपवर आवाजाचा निरोप आला, तेव्हा आमच्या खालांनी माइकचं चित्र पाहिलं, दाबून धरलं आणि बोलायला लागल्या. कुणीही शिकवलं नाही. टाइप करायला मात्र त्या अजून तयार नाहीत. घरातली तरुण मंडळी यावरून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, त्यांनी हे यंत्र चाळीस वर्षांपूर्वीच शिकून ठेवलं होतं.

जुन्या कॅसेटींचं काय झालं? बहुतेक पुसल्या गेल्या. नवी कॅसेट महाग, म्हणून उत्तर त्याच कॅसेटवर भरून परत पाठवायचं. आईच्या आवाजावर मुलाचा आवाज, त्यावर पुन्हा आईचा. स्वस्ताई आणि सोय जितकी जास्त, तितकं मागे कमी उरलं. आमच्या बोलीत त्या काळच्या बायका कशा बोलत हे छापील स्वरूपात जवळपास कुठेच नाही. जे काही आहे ते बिस्किटाच्या डब्यांत पडलेल्या या थोड्या कॅसेटींवर.

तुमच्या घरात तसा डबा निघाला तर कॅसेट लगेच मशीनमध्ये घालू नका. आमच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते, ती खिडकीतून दिसते. तशीच वाजवली तर फीत तुटते आणि मशीनही खराब होतं. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, मग मोबाइलमध्ये किंवा संगणकावर उतरवा. आणि त्याआधी कॅसेटच्या पाठीमागच्या दोन प्लास्टिकच्या जिभा नखाने मोडून टाका. त्या मोडल्या की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जात नाही. कुणी पूर्वीच मोडून त्यावर कागद चिकटवलेला दिसला, तर तो कागद काढा.